प्रपात आणि पुद्गल

नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर रस्त्यावर, सोमेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर गोदावरी काळ्या कातळाच्या पायऱ्यांवरून खाली उडी घेते. उन्हाळ्यात तेथे दोनचार धारा खडकांतून कशाबशा वाट काढीत असतात. परंतु त्र्यंबकच्या डोंगरांवर पाऊस कोसळून धरणाची पातळी चढली आणि पाटबंधारे खात्याने गंगापूर धरणातून विसर्ग सोडण्याचा हुकूम काढला, म्हणजे त्याच ठिकाणी असा प्रचंड प्रपात उभा राहतो, की त्याला दूधसागर हे नाव लोकांनी का दिले असेल हे कोणास विचारावे लागत नाही. अशा प्रपातासमोर तिवई रोवून, चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म घेणारा भात्याचा मोठा कॅमेरा मांडणाऱ्यास एक प्रश्न चुकवता येत नाही: आपण चित्र घेत आहोत ते नेमके कशाचे? जे पाणी समोर आहे ते शटर उघडण्यापूर्वीच निघून गेलेले असते, आणि जो धबधबा कालही होता व उद्याही असेल, त्यात कालचा एक थेंबही शिल्लक नसतो.

या कॅमेऱ्याची रीतच माणसाला सावकाश करणारी आहे. काळे कापड डोक्यावर ओढून मागच्या घासलेल्या काचेवर पाहावे, तर प्रतिमा उलटी, डावे ते उजवीकडे आणि वरचे ते खाली. सारी गोदावरी खालून वर चढताना दिसते, आणि ओळखीची नदी परकी झाल्यामुळे तिचे केवळ आकार डोळ्यांत भरतात. भिंगाची पाटी किंचित पुढे झुकवून पायाजवळच्या ओल्या खडकापासून पलीकडच्या कड्यापर्यंत सर्व सुस्पष्ट करून घ्यावे, प्रकाश मोजावा, छिद्र लहान करावे, शटर मिटावे, मग फिल्मचा होल्डर मागे सरकवून त्याची काळी पट्टी उपसावी. होल्डर आत गेला की काच झाकली जाते. म्हणजे ज्या वेळी चित्र उमटते, नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्यातून पाहणारा कोणीही नसतो. छायाचित्रकार हाती केबल धरून, तुषारांनी भिजत, बाजूला उभा असतो आणि उघड्या डोळ्यांनी पाणी पाहत असतो. त्याने पाहिलेले आणि फिल्मने घेतलेले यांचा मेळ पुढे अंधाऱ्या खोलीत लागतो, किंवा लागत नाही.

आभाळ भरून आलेल्या दुपारी 100 संवेदनक्षमतेच्या फिल्मला एफ/32 छिद्राने साधारण पाव सेकंद पुरतो. भिंगापुढे प्रकाश 64 पट कमी करणारी राखाडी काच लावली, तर तीच मुदत 16 सेकंदांवर जाते. शिवाय मुदत लांबली की फिल्मचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून हिशेबाच्या वर आणखी काही सेकंदांची भर घालावी लागते. एवढ्या अवधीत खडक बिनचूक उमटतो, त्याच्यावरची शेवाळाची कडसुद्धा मोजता येते, आणि पाण्याचे मात्र धवल धूसर वस्त्र होते. उलट 400 संवेदनक्षमतेची फिल्म घालून, छिद्र एफ/5.6 इतके मोठे करून, सेकंदाच्या पाचशेव्या भागाचे शटर वापरले, तर थेंबन् थेंब अधांतरी ठाण मांडून बसतो, आणि सगळा प्रपात खडकाइतकाच कठीण दिसू लागतो. यांतले कोणतेही दृश्य मानवी डोळ्याने कधी पाहिलेले नाही, तरीही दोन्ही खरी छायाचित्रे आहेत, कोणतेही बनावट नाही. पॅरिसमध्ये 1838 साली दागेरने एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा दीर्घ अवधीमुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसे समूळ नाहीशी झाली, आणि बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला तेवढा एक इसम दफ्तरी नोंदला गेला. दीर्घ मुदतीची फिल्म स्थिराचा पक्ष घेते, अल्प मुदतीची क्षणाचा. ज्याला आपण निःपक्षपाती साक्षीदार समजतो, तो साक्ष देण्यापूर्वीच एका दर्शनाची दीक्षा घेऊन आलेला असतो.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. बौद्ध क्षणवाद्यांनी सांगितले की सत् तेवढे क्षणिक. नदी म्हणजे सदृश क्षणांची संतती, आणि तिला एक म्हणणे हा व्यवहार. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात याला स्मरणाच्या आधारे उत्तर दिले: काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच नसेल, तर आठवण कोणाची? हा युक्तिवाद मला दीर्घकाळ निर्णायक वाटत आला. परंतु प्रपातासमोरच्या त्या फिल्मचा विचार केला म्हणजे त्याची एक बाजू अधिक उजळते. पहिल्या सेकंदापासून सोळाव्यापर्यंत फिल्म तीच, जागेवर अचल. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठसा तिने राखला. तरी आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे तिला सांगता येत नाही, कारण सारे एकावर एक चढून एकच झालेले असते. तेव्हा नुसते टिकून राहणे म्हणजे साक्षी असणे नव्हे. भेद जाणून एकत्व सांगणारे काहीतरी हवे, आणि ते चैतन्यच असू शकते, असे वेदान्ती म्हणेल. ते मला मान्य आहे. पण ते चैतन्य पाण्याप्रमाणे वाहत नाही, खडकाप्रमाणे बसून आहे, हे मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही.

या कोंडीतून जाणारी एक वाट नाशिककरांनी जवळजवळ विसरून टाकली आहे. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, आणि ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, त्यांतील तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने, राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दान दिले, असे तेथील ब्राह्मी लेख सांगतो. भद्रायणीय ही वात्सीपुत्रीयांची शाखा, आणि वात्सीपुत्रीय म्हणजे पुद्गल, अर्थात व्यक्ती, मानणारे पुद्गलवादी: माणूस हा त्याच्या स्कंधांहून, म्हणजे देहमनाच्या घटकांहून, वेगळाही नाही आणि तेवढाच स्कंधसमूहही नाही, जसा अग्नी इंधनाहून भिन्न नाही आणि इंधनच म्हणजे अग्नी असेही नाही. त्यांच्या स्वधर्मीयांनीच यासाठी त्यांना धारेवर धरले. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या अखेरीस एक सबंध प्रकरण त्यांच्या खंडनात खर्ची घातले, आणि त्यांचे स्वतःचे ग्रंथ बहुतांशी लुप्त झाले. वादात ते हरले असतील. पण त्यांचा आग्रह पांडित्याचा नव्हता. कर्म एकाने करावे आणि फळ दुसऱ्याने भोगावे, ही अनीती टाळण्यासाठी त्यांना पुद्गल हवा होता, आणि त्या आग्रहाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक असावे, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेला, चलच्चित्राकडे वळण्याआधी गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय केलेला हा पुरुष सुट्या, निश्चल चित्रांच्या मालिकेतून वाहते जीवन उभे करीत राहिला, आणि 1937 साली त्याने केलेला अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ हा होता.

त्याच लेण्यांत आणखी एक नोंद आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 3000 कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे अक्षयनीवी म्हणून ठेवली; त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे द्यावयाची. मुद्दल कधी मोडावयाचे नाही, व्याज मात्र दरवर्षी खर्चून जावयाचे. हे गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन असे मानतात, म्हणजे आपला धबधबा त्याच्या शेजारचाच. अनित्यतेचे चिंतन करणाऱ्या संघाला अक्षय ठेवीची तजवीज विसंगत वाटली नाही, यात मला ढोंग दिसत नाही. संघ टिकतो आणि भिक्षू जातात, हे ते रोजच पाहत होते.

आता गोदावरीवरच्याच रामकुंडाचे, नाशिकच्या स्नानतीर्थाचे. 2016 च्या उन्हाळ्यात गोदापात्र आटले, रामकुंड कोरडे पडले आणि भाविकांसाठी टँकरने पाणी आणून ओतावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टच्या आरंभी असा पूर आला की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर पाणी कोठवर चढले याचीच चौकशी गावभर चालली होती. टँकरच्या पाण्यात स्नान करणाऱ्यास गोदास्नानाचे पुण्य लाभले काय, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी थट्टेने विचारला. तो थट्टेचा नाही. तीर्थ पाण्यात असेल तर ते दर क्षणी समुद्राकडे निघून जाते, आणि जागेत असेल तर पाण्याची गरजच उरत नाही. परंतु कोरड्या कुंडाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या कोणत्याही श्रद्धाळूला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटले असते. तीर्थ जलाहून अन्य नाही, आणि तेवढे जल म्हणजे तीर्थ नाही, हे भद्रायणीय भिक्षूंच्या रीतीने म्हटल्यावाचून तेथे गत्यंतर नाही.

आणि रामकुंडावर लोक मुख्यतः येतात ते मृतांसाठी: अस्थी सोडतात, पिंड देतात, ओंजळीने पाणी सोडून पित्याचे, पितामहाचे नाव घेतात. ज्याचे नाव घ्यावयाचे तो देहाने तर गेलाच. तो जसाच्या तसा कोठे बसून आहे असे मानणे मला जमत नाही, आणि त्याचे काहीच उरले नाही, ते ऋण कोणाचेच नव्हते, असे मानणे त्याहून जमत नाही. माझे वडील म्हणजे त्यांच्या आयुष्यातील कोणताही एक क्षण नव्हे, आणि त्या सगळ्या क्षणांना वगळून मागे उरणारे काही निराळे वडीलही मी कधी पाहिले नाहीत. तरी पितृपक्षात रामकुंडावर उभा राहून मी त्यांचे गोत्र व नाव उच्चारतो तेव्हा ते कोणाला उद्देशून आहे याविषयी माझ्या मनात संदेह नसतो, आणि वसुबंधूचे संपूर्ण प्रकरण वाचूनही तो अद्याप उत्पन्न झालेला नाही.