बुडवण्याआधीचं पातं

चिरंजीवास,


पात्याचा फोटो मिळाला. लाटा उमटल्यात, पण धुरकट, आणि मधूनमधून आडव्या रेघा दिसतात. नक्षी उठवण्यासाठी पातं ज्यात बुडवलंस ते फेरिक क्लोराइड जुनं असेल, असं तू लिहितोस. मला तसं वाटत नाही. कसर राहिलीय ती पॉलिश पेपर मारण्यात.

दमास्कस पात्यावरची नक्षी आपण काढत नाही, ती थरांत आधीच असते. तू १०८४ आणि १५एन२० ही दोन पोलादं एकत्र ठोकलीस. दुसऱ्यात सुमारे २ टक्के निकेल असल्याने क्लोराइड त्याला फारसं खात नाही, ते उजळ राहतं. पहिलं खाल्लं जातं आणि काळं पडतं. पण थर उघडा पडतो तसा ओरखडाही उघडा पडतो. २२० च्या पेपरची एक रेघ राहिली तरी बुडवल्यावर ती थेट नजरेत भरते.

तेव्हा पेपरमागे सपाट, टणक पट्टी धर. नुसत्या बोटांनी घासलंस तर कडा गोल होतात. २२०, ४००, ६०० असा चढत जा. प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना तिरका मार आणि जुनी रेघ पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नकोस. शेवटचे हात मात्र मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, मागेपुढे न करता. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं पातं इथेच ठरतं. पाणी दिल्यानंतरच, म्हणजे पातं तापवून, विझवून कडक केल्यावरच नक्षी उठव. मऊ पोलादावर काळा रंग नीट धरत नाही.

बुडवण्याआधी अॅसिटोनने पुसून घे, नंतर बोट लावू नकोस. तेलकट ठसा तसाच उमटतो. एक भाग क्लोराइडच्या द्रावणाला तीन-चार भाग पाणी घे, भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. कोरडी पूड वापरत असशील तर ती पाण्यात थोडी थोडी टाक, कारण ते पाणी चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच. पाच-दहा मिनिटांनी काढ, धू, २००० च्या पेपरने हलका हात फिरव, पुन्हा बुडव. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, कोरडं करून तेल लाव. धार त्यानंतर लाव, कारण क्लोराइड तीही खातं. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही.

हे सगळं आजचं नाही. आपल्याकडच्या मुशीतल्या पोलादाच्या, म्हणजे वूट्झच्या, तलवारींवरची नक्षी कारागीर हिराकसासारख्या क्षारांनी उठवत. तुझ्यासारखी थरांची पाती अमेरिकेत पुन्हा नावारूपाला आली ती बिल मोरान यांनी १९७३ मध्ये ती प्रदर्शनात मांडल्यावर. आज बाजारात साध्या पोलादावर लेझरने नक्षी छापून दमास्कस म्हणून विकतात. ही सरळ फसवणूक आहे. खरी नक्षी घासून काढली तरी पुन्हा बुडवल्यावर परत येते, छापलेली येत नाही.

तुझं पातं खरं आहे, टाकून देऊ नकोस. ४०० पासून पुन्हा घास आणि बुडवण्याआधी उन्हात तिरकं धरून फोटो काढून मला पाठव. तो पाहिल्याशिवाय क्लोराइडची बाटली उघडू नकोस.

तुझा,
काका