दिलेली वेळ

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी माझा पुतण्या पहाटे साडेचारला उठून बडोद्याहून चांपानेरला गेला. नोकरी सांभाळून तो छायाचित्रण करतो. बरोबर भाड्याने आणलेली लेन्स, रंगभूषेसाठी एक मुलगी आणि प्रकाश परावर्तित करणारा पडदा धरण्यासाठी एक मित्र, असा सरंजाम होता. जिची छायाचित्रे काढायची ती तरुणी मात्र आली नाही. आदल्या रात्री तिने ‘नक्की’ म्हणून कळविले होते. सकाळी तिचा फोन बंद. जुन्या तटबंदीवरचे कोवळे ऊन नऊ वाजेपर्यंत पांढरे पडले आणि मंडळी नाश्ता करून परतली.

मला राग आला तो तिच्या न येण्याचा, पण त्याहून अधिक पुतण्याच्या शांतपणाचा. तो म्हणाला, “काका, आमच्यात हे असंच असतं. एक यावी म्हणून दोघींना सांगून ठेवतात. मी या वेळी ठेवलं नाही, ही माझी चूक.” दिलेल्या शब्दाची किंमत आधीच निम्मी धरून चालण्याची ही रीत मला अस्वस्थ करून गेली. दोघीही आल्या तर? तर एकीला काहीतरी कारण सांगून परत पाठवायचे. म्हणजे न येणाऱ्यांच्या दोषाचे प्रायश्चित्त येणारीने घ्यायचे.

या व्यवहारात पुष्कळदा पैसा नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. नवखी मॉडेल आपला वेळ देते, नवखा छायाचित्रकार त्याबदल्यात छायाचित्रे देतो. दोघांचेही ‘पोर्टफोलिओ’ तयार होतात. पैसा नाही म्हणून बंधन सैल, असे दोघेही मनातल्या मनात धरून चालतात. वास्तविक पैसे घेऊन केलेले काम बुडाले तर पैसे परत करता येतात. येथे परत करण्याजोगे काहीच नसते. गेलेली सकाळ कोणत्या खात्यावर जमा करावी?

वचनभंगाचा विचार करताना आपल्याला कांट आठवतो. १७८५ साली त्याने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : फेडता येणार नाही हे ठाऊक असूनही ‘फेडीन’ असे सांगून उसने पैसे घेणारा मनुष्य. परंतु त्याचे वचन देतानाच खोटे असते. आमची ही तरुणी रात्री ‘नक्की’ म्हणाली तेव्हा बहुधा मनापासूनच म्हणाली असेल. सकाळचे मन निराळे होते, इतकेच. कांटच्या तराजूत तिला तोलणे कठोरपणाचे होईल.

मला या प्रकरणी डेव्हिड ह्यूम अधिक जवळचा वाटतो. १७४० साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथभागात तो दोन शेतकऱ्यांची गोष्ट सांगतो. एकाचे पीक आज तयार आहे, दुसऱ्याचे उद्या होईल. आज याने त्याला मदत केली तर उद्या तो याला करील काय? परस्परांवर भरवसा नाही, म्हणून कोणीच कोणाकडे जात नाही आणि दोघांचेही पीक हातचे जाते. ज्यांच्यात स्नेह नाही अशा माणसांनाही एकमेकांसाठी काही करता यावे, याकरिता माणसांनी वचन नावाची ही सोय निर्माण केली, असे त्याचे म्हणणे. मॉडेल आणि छायाचित्रकार हे अगदी त्या दोन शेतकऱ्यांसारखेच आहेत. तिला आज उभे राहायचे आहे, त्याला महिन्याभराने छायाचित्रे द्यायची आहेत. आणि येथेच पुतण्याने, थोड्या नाइलाजाने, दुसरी बाजू सांगितली. महिन्याभराने छायाचित्रे देणारे फार थोडे. कित्येकजण आपल्याला हवी तेवढी दोनचार निवडून प्रसिद्ध करतात आणि उरलेल्यांविषयी विचारले की उत्तर देत नाहीत. सबंध दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या मुलीच्या हाती काहीच पडत नाही. तिचे ते न येणे आपण डोळ्यांनी पाहतो. त्याचे ते न देणे कोणाला दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे ती जागेची. ठरली असते एक जागा, ऐनवेळी निरोप येतो, “तिथे नको, माझ्या मित्राच्या फ्लॅटवर ये.” किंवा “बरोबर कोणाला आणू नकोस.” अशा वेळी मुलीने काय करावे? तोंडावर नाही म्हणावे तर तो माणूस चारचौघांत तिला बेभरवशाची ठरविणार. म्हणून ती फोन बंद करते. दुर्बळाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसली की तो गैरहजर राहून नकार देतो. आपल्या जुन्या घरांतूनही हे आपण पाहिले आहेच. सुनांची कितीतरी डोकेदुखी या जातीची होती. माझ्या पुतण्याने असे काही केले नव्हते, हे मी जाणतो. पण त्या मुलीने ते कशावरून जाणावे?

मग उपाय म्हणून इसार घ्यावा, न येणाऱ्याला दंड करावा, असे सुचविले जाते. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा ठिकाणी दंड लावला, तर उशिरा येणारे कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी उशीर झाला की ताटकळणाऱ्या बाईंपुढे ओशाळे व्हावे लागे. आता उशिराला भाव मिळाला, तो मोजला की झाले. दंड काढून टाकल्यावरही ती सवय गेली नाही. छायाचित्रकारांनी इसार जरूर घ्यावा, भाड्याची लेन्स फुकट जाऊ नये. पण त्याने न येण्याची लाज मात्र कमी होईल, एवढे ध्यानात ठेवावे.

चित्रकार समोरचा माणूस उठून गेल्यावरही स्मरणाने रंग भरू शकतो. छायाचित्रकाराला ती मुभा नाही. १८३८ च्या सुमारास दागेर याने पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. प्रकाशन इतका वेळ चालले की वाहता रस्ता ओस उमटला आणि बूट पुसून घेण्यासाठी उभा असलेला एक माणूस तेवढा दिसला. तेथे जो थांबला, तोच राहिला.

हे सारे लिहीत असताना मला १९७४ मधली एक सकाळ टाळता येत नाही. मी तेव्हा आखाड्यात मल्लखांब करीत असे. चित्रकला शिकणाऱ्या माझ्या एका मित्राचा जीव छायाचित्रणात होता. त्याला मल्लखांबाची छायाचित्रे हवी होती, आणि तीही पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येते त्याच वेळी. कोणाकडून तरी एका दिवसापुरता याशिका कॅमेरा मागून आणलेला, बारा छायाचित्रांचा एक रोल कसाबसा विकत घेतलेला. मी “येतो” म्हणालो आणि गेलो नाही. आजारी नव्हतो, घरात अडचण नव्हती. जाग आली होती, थंडी होती, पुन्हा पांघरूण ओढून घेतले. दांडिया बाजारात तो दुपारी भेटला तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, “चालायचंच रे.” मला फार बरे वाटले. त्याने रागवायला हवे होते असे आज वाटते, परंतु हाही माझा दोष त्याच्यावर ढकलण्याचाच प्रकार झाला. त्या रोलचे पुढे काय केले, हे मी त्याला कधी विचारले नाही.

पुतण्याचा तो शांतपणा मला इतका का टोचला, ते यावरून वाचकांच्या ध्यानी यावे.

त्या तरुणीचा चार दिवसांनी निरोप आला : भीती वाटली, क्षमा असावी. पुतण्याने तिला पुन्हा वेळ दिली आहे. या खेपेस आईला बरोबर आण म्हणून स्वतःच कळविले आहे, आणि छायाचित्रे कोणत्या तारखेला देईन तेही लिहून पाठविले आहे. येत्या रविवारी पडदा धरायला माणूस मिळत नाही, तेव्हा मी जाणार आहे. साडेचारचा गजर लावायचा आहे.