राघूला मोकळं सोडावं का?

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला पोपट म्हणजे काही नवलाईचा पक्षी वाटत नाही. दुबईच्या झबील पार्कात किंवा शारजाच्या एखाद्या चौकातल्या खजुरांवर संध्याकाळी जो कलकलाट चालतो, तो ऐकला की गावच्या देवळामागचा वड आठवतो. रंग तोच, चोच तीच, नराच्या गळ्याला तोच गुलाबी कंठ. "बघा, हाही आपल्यासारखाच तिकडून आलेला," असं पाहुण्यांना कौतुकाने सांगून आपण गाडी पुढे काढतो. मीही इतकी वर्षं तेच करत होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र एक सहल झाली, त्यापाठोपाठ एक फोन आला, आणि हा साधा राघू काही केल्या डोक्यातून जाईना.

सहल होती उम्म अल कुवैनची. सात अमिरातींमधली ही सर्वांत कमी लोकवस्तीची. दुबईहून तासाभराचा रस्ता, पण आपली बहुतेक मंडळी रास अल खैमाच्या डोंगरांकडे जाताना तिच्या अंगावरून सुसाट निघून जातात. थांबलं तर दिसते खाडी, खारफुटी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची अफाट सपाटी. खोर अल बैदा हे नाव आपल्यापैकी फार जणांनी ऐकलेलं नसेल, पण पक्षी बघायला देशोदेशी हिंडणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. जवळच्या सिनिया बेटावर सोकोत्रा पाणकावळे हजारोंनी घरटी करतात. हा पक्षी अरबस्तानच्या आसपासच्या समुद्राखेरीज जगात कुठेच वीण करत नाही. त्याच बेटावर २०२२ साली एका प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडल्याचं जाहीर झालं. तेव्हा मूळचं कोण आणि मागाहून आलेलं कोण, हा प्रश्न तिथे माणसांनाही विचारता येईल!

तर गाईडसकट आम्ही आठ जण होतो. दोन दुर्बिणी तिपाईवर, बाकीच्या गळ्यात. ओहोटीची वेळ बरोबर साधली होती. ज्यासाठी मंडळी आली होती तो क्रॅब प्लोव्हर, म्हणजे खेकड्यांवर जगणारा, उंच पायांचा काळा-पांढरा पक्षी, चांगला तासभर दिसला. किनाऱ्यावरचे इतर पक्षी उघड्यावर अंडी घालतात, हा मात्र वाळूत बीळ खणतो. सगळे खूश. परतताना एका शेताजवळ गाफच्या झाडांवर पोपटांचा थवा उतरला. माझ्या मुलीने आनंदाने "राघू!" असं ओरडून दुर्बीण उचलली. शेजारच्या जर्मन जोडप्याने हातातलं सँडविचसुद्धा खाली ठेवलं नाही. गाईड हसून म्हणाला, "ते 'सी' गटातले."

हा 'सी' गट काय असतो ते मला तिथे कळलं. पक्ष्यांच्या अधिकृत याद्यांमध्ये, ब्रिटनची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते, गट पाडलेले असतात. स्वतःच्या पंखांनी आलेला तो 'ए'. माणसाने आणलेला, पण आता कुणाच्या मदतीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वीण करून टिकलेला तो 'सी'. नुकताच पिंजऱ्यातून निसटलेला तो 'ई', आणि तो मोजायचाच नाही. ब्रिटनमध्ये आपला राघू १९६९पासून मोकळ्यावर घरटी करत होता, त्याला यादीत जागा मिळाली १९८३ साली. मी एमएससीला लंडनमध्ये होतो तेव्हा रिचमंड पार्कात त्याचे थवे पाहून डोळे भरून यायचे. बिचारा चौदा वर्षं उमेदवारी करून तिथे पोचला होता, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

व्हॅनमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त इंग्लिश शिक्षिका होत्या. दुर्मिळ पोपट त्यांच्या रानात पाहायचे, हा त्यांचा छंद. जगात पोपटांच्या सुमारे चारशे जाती आहेत, आणि पेन्शनचे बरेच पैसे त्यांच्यापायी खर्च झाले असं त्या हसत सांगत होत्या. मी विचारलं, सर्वांत अडचणीचा पोपट कुठला? मला वाटलं, एखाद्या अमेझॉनच्या जंगलाचं नाव येईल. त्या म्हणाल्या, "हाँगकाँगचा."

हाँगकाँगच्या भर शहरात, बागांमध्ये आणि इमारतींच्या कठड्यांवर पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे राहतात. मूळचे इंडोनेशिया आणि पूर्व तिमोरचे. तिथे पिंजऱ्यासाठी इतके पकडले गेले की जात नामशेष व्हायच्या काठावर आली. हाँगकाँगमध्ये आहेत ते पाळलेल्या, सुटलेल्या पक्ष्यांचे वंशज, साधारण दोनशे. आणि जगभरचे मोकळे काकाकुवे मोजले तर दोन हजारांच्या आतच भरतात. म्हणजे दहातला एक हाँगकाँगच्या ट्रॅफिकवरून उडतो. मेक्सिकोच्या लाल डोक्याच्या ॲमेझॉन पोपटाचंही असंच. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत तो इतका वाढला आहे की मायदेशापेक्षा तिथेच जास्त असावा असं अभ्यासकांना वाटतं. फार लांब कशाला, आपल्याकडचा तो मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला पोपट, बाजारात ज्याला पहाडी म्हणतात, तो पिंजऱ्याच्या हौसेपायी मूळ प्रदेशात कमी होत चालला म्हणून जागतिक यादीत 'धोक्याच्या जवळ' गेला आहे. दुबईच्या बागांत मात्र तो मजेत आहे. ज्या व्यापाराने घरी निकाल लावला, त्याच व्यापाराने परक्या मुलखात दुसरं बिऱ्हाड थाटून दिलं.

मग याला रानातला म्हणायचं की नाही? बाई म्हणाल्या, "मी त्याला वहीत पेन्सिलने लिहिलाय."

मला स्वतःला वाटतं, रानटीपणा जन्मगावावर ठरू नये. ज्याचा दाणा कुणी टाकत नाही, ज्याची अंडी कुणी राखत नाही, जो ससाण्याला चुकवून स्वतःच्या हिमतीवर सकाळ करतो, तो रानातला. पण एवढं म्हणून सुटका होत नाही. स्पेनमध्ये सेव्हिलच्या एका बागेत याच आपल्या राघूंनी मोठ्या वटवाघळांना झाडांच्या ढोल्यांतून हुसकावलं, चोची मारून मारलंसुद्धा, आणि काही वर्षांत त्या वटवाघळांची संख्या घसरली. आखातात ढोलीची झाडं मुळात थोडी, आणि हुदहुदलाही घरटं ढोलीतच लागतं. आपली साळुंकी आणि आपला कावळा यांच्याबद्दल तर विचारूच नका. शेजारच्या ओमानने त्यांना कमी करायची मोहीमच काढली. तेव्हा जगायचा हक्क पाहुण्याचा आणि यजमानाचा, दोघांचाही आहे. ढोली मात्र एकच असते.

इथे आपल्या मंडळींचा मोह मला माहीत आहे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी स्थलांतरित पक्ष्यांची उपमा देतंच. मला ती कधीच पटली नाही. आपण कंत्राटावर सही करून, पगार ठरवून आलो. त्याला कुणीतरी जाळ्यात धरलं, पंख कापले आणि खोक्यात घालून बोटीवर चढवलं. दोघांना एका ओळीत बसवलं की त्याचं दुःख आपल्या अंगावर शोभेसाठी घातल्यासारखं होतं.

आता फोनाविषयी. ओळखीचं एक कुटुंब चौदा वर्षांनी कायमचं पुण्याला परत निघालं होतं. सामान कंटेनरमध्ये, मुलीचा कॉलेज प्रवेश झालेला, गाडी विकलेली. उरला मिठू. मुलगी लहान असताना इथल्या बाजारातून आणलेला राघू. तो 'विठू विठू' म्हणायचा, आईच्या आवाजात मुलीला हाक मारायचा. त्याला पुण्याला न्यावं तर आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. आपल्या आज्यांच्या ओसरीवर टांगलेला, हिरवी मिरची खाणारा पोपट आज ठेवला तर वनखात्याचा माणूस दारात येऊ शकतो. (चांगलाच कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे.) म्हणजे अख्ख्या कुटुंबात ज्याचं रक्त अस्सल तिकडचं, त्यालाच परतीची वाट बंद!

"सोडून देऊ या का रे? पार्कात एवढे आहेत, त्यांच्यात मिसळेल. पुण्यही लागेल," गृहस्थ म्हणाले. हा विचार आपल्या रक्तातच आहे. पिंजऱ्याचं दार उघडणं हे आपल्याला निखळ चांगलं कृत्य वाटतं. पूर्वेकडच्या काही देशांत देवळाबाहेर छोट्या चिमण्या पिंजऱ्यात विकायला असतात; पैसे द्या, सोडा, पुण्य घ्या. सोडणाऱ्याला पुण्य मिळावं म्हणून आधी कुणीतरी त्या पकडतं.

मी त्यांना म्हटलं, पार्कात दिसतात ते जगले तेवढेच. जे नाही जगले ते कुठल्याच थव्यात दिसत नाहीत. माझ्या धंद्यातही ही फसगत रोजची आहे: चालू राहिलेली सर्व्हर्स तपासून कुणी म्हणतं, यंत्रणा भक्कम आहे. (स्मरणिकांमध्ये यशस्वी मंडळींच्या मुलाखती वाचतानाही मला हे आठवतं, असो.) मिठूने बारा वर्षांत ससाणा पाहिलेला नाही. जूनमध्ये पाणी कुठे शोधायचं ते त्याला ठाऊक नाही. उडण्याची ताकद एसीच्या खोलीत आली तर किती आली असेल? आणि समजा तो जगलाच, तर कुठल्या तरी हुदहुदच्या ढोलीवर आणखी एक दावेदार.

यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र सोपा नव्हता. "म्हणजे त्याने आयुष्यभर पिंजऱ्यातच राहायचं? एक दिवस तरी मोकळं आभाळ बघू दे की. मेला तर मोकळा मेला." याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. माणसाच्या बाबतीत मी कदाचित त्यांच्याच बाजूने बोललो असतो. पण माणूस ती जोखीम स्वतः पत्करतो. मिठूच्या वतीने ती आपण पत्करणार, तीही विमानाची तारीख ठरल्यावर. तारीख ठरली नसती तर मुक्तीचा विचार सुचला असता का? आपल्या भाषेत दोन क्रियापदं शेजारी शेजारी बसतात, मोकळं करणं आणि मोकळं होणं. दार एकच उघडतं, पण त्यातून बाहेर कोण पडतं ते नीट बघावं लागतं. मी त्यांना एवढंच म्हणालो की ज्या दिवशी तो विकत घेतला, त्याच दिवशी त्याच्या आभाळाचा प्रश्न निकालात निघाला. आता आपल्या हातात आहे तो मोठा पिंजरा, सोबत आणि वेळेवर पेरू.

ते थोडे रागावले. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा मेसेज आला की काका, कुणी घेणारं आहे का बघाल का? मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. "किती बोलतो?" असं विचारणारे सतरा जण निघाले. किती वर्षं जगतो, असं एकानेच विचारलं. मिठू त्यांच्याकडे गेला.

ते कुटुंब शारजात राहतं. बंद गॅलरीत त्याला पूर्वीपेक्षा मोठी जागा मिळाली आहे, आणि समोरच्या खजुरांवर संध्याकाळी थवा उतरला की तोही ओरडून उत्तर देतो म्हणे. नीट सांभाळला तर राघू पंचवीस-तीस वर्षं जगतो. त्या गृहस्थांचा व्हिसा दोन वर्षांचा आहे.