बिअरची टाकी आणि आमचा गूळ

2016 च्या मे महिन्यात भर दुपारी मी क्रांती चौकातल्या फुटपाथवर बिअरची रिकामी टाकी घेऊन बसलो होतो. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि गुडघ्याला टेकवलेली पन्नास लिटरची स्टीलची टाकी. येणारा-जाणारा आधी टाकीकडं बघायचा, मग माळेकडं. दोन रिक्षावाले थांबले आणि टाकी बघून पुढं निघून गेले. एकानं तर विचारलंच, "बाबा, भरलेली आहे का रिकामी?"

मागच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीनं मला नुकतंच परत पाठवलं होतं. टाकीला वरून वाफ निघायला नळी बसवून द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. मिस्त्रीनं हातातला ग्राइंडर खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चाचा, पहले ये बताओ, इसमें पकाना क्या है?"

मी म्हणलं, "गवती चहा. त्याचं तेल काढायचंय."

तो हसला. "सब यही बोलते. टाकी उठाओ."

तो उन्हाळा ज्यानं बघितला त्याला वेगळं सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. आमच्या गंगापूर तालुक्यात विहिरींच्या तळाला नुसता गाळ होता. एप्रिलमध्ये इथल्याच खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यानं आणि पुढं त्याहून जास्त तोडायचा आदेश दिला, तेव्हा पारावर पेपर वाचून लोकांनी माना डोलावल्या होत्या. माझी मोसंबी वाळली. बांधावरचा गवती चहा तेवढा तग धरून होता. तो जनावर खात नाही आणि थोड्या ओलीवर जगतो. एका कृषी प्रदर्शनात मी त्याचं तेल काढताना बघितलं होतं. तयार यंत्राची किंमत ऐकून गप्प बसलो होतो. तिथल्याच एका माणसानं सांगितलं, "बिअरची जुनी टाकी बघा. चांगलं स्टील असतं, गंजत नाही. ती बॉयलर करा, गवत दुसऱ्या पिंपात भरा."

शहरातल्या भंगारवाल्याकडं टाकी मिळाली. पण अशी टाकी कंपनी कुणाला विकत नाही. हॉटेलवाला अनामत भरतो, भरलेली टाकी नेतो आणि रिकामी परत देतो. चेपलेली, गळकी झाली तर कंपनी ती मोडीत काढते. म्हणून मी भंगारवाल्याला विचारलं, "ही चोरीची तर नाही ना?" त्यानं मोडीची पावती दाखवली. मला फार बरं वाटलं. आपण सरळ माणूस, पावती बघून माल घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गवती चहाची एक मोठी जुडी घेऊन मिस्त्रीपुढं उभा राहिलो. त्यानं एक पात चुरगाळून नाकाला लावली, पोराला चहा ठेवायला सांगितला, त्यात चार पाती टाकल्या. चहा झाल्यावर मग टाकीला हात लावला. आधी वरचा व्हॉल्व्ह दाबून आत कोंडलेला वायू सोडून दिला. म्हणाला, कोंडलेल्या टाकीला कटर लावला तर टाकी फुटून माणूस मरतो. मग व्हॉल्व्ह आणि आतली लांब नळी काढली. तोंडाला जाड नळी बसवली आणि मला बजावलं, वाफेची ही वाट कधी बंद करायची नाही.

काम चालू असताना मी विचारलं, "काल का हाकललं?"

"महिन्यात एक-दोन येतात," तो म्हणाला. "भट्टी लावणारे. पैसा दुप्पट देते."

"मग? टाकी तर टाकी आहे. पुढं कुणी काय करायचं ते करो."

त्यानं काच वर केली. "टाकी को क्या मालूम, चाचा. मेरे को मालूम है ना."

हे वाक्य मी गावाकडं घेऊन आलो. तेव्हा ते मिस्त्रीचं मोठेपण वाटलं होतं. ते माझ्याच अंगावर येणार आहे, हे कळायला आठ दिवस लागले.

वावरात चूल मांडली. टाकीत पाणी, खाली मोसंबीची वाळलेली लाकडं. टाकीतली वाफ गवताच्या पिंपात, तिथून गार पाण्यातल्या नळीच्या वेटोळ्यात. शेवटच्या बाटलीत पाणी खाली आणि तेल वर तरंगत. शंभर किलो ओलं गवत जाळावं तेव्हा अर्धा किलोच्या आसपास तेल. पण वास असा, की बांधापलीकडची माणसं विचारत यायची.

तसाच एका संध्याकाळी माझा पुतण्या आला. पंचविशीतला, दोन वर्षांच्या कर्जाखाली दबलेला. चुलीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "तात्या, ही टाकी रात्रीची मला देत जा. दिवसा तुमचं गवत, रात्री माझं काम."

मला कळलं. तरी विचारलं, "कसलं काम?"

"तुम्हाला माहीत नाही व्हय?"

मी नाही म्हणलं. तो चिडला नाही, खाली बसला आणि एकेक बोलायला लागला. "वाळूजच्या रस्त्यानं बिअरचे ट्रक जाऊ राह्यले, ते तुम्हाला चालतं. जायकवाडीचं पाणी त्यांना. सरकारला कर मिळतो, म्हणून ते उद्योजक. मी दहा बाटल्या काढल्या की मी चोर. लायसन आहे म्हणून ते काय दूध विकू राह्यले का?"

मी त्याला मालवणीचं सांगितलं. वर्षापूर्वीच, जून 2015 मध्ये, मुंबईला मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली होती. दारूत मिथेनॉल होतं. ते कारखान्यात लागणारं रसायन, दिसायला दारूसारखंच. पोटात गेलं की त्याचं आम्ल होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. लायसनवाल्याची बाटली निदान कुणी तपासतं, तिच्यावर कुणाचं तरी नाव असतं.

"मी तसलं काही मिसळणार नाही," तो म्हणाला. "मी गुळाचीच काढीन. चांगल्या गुळाची." मग माझ्याकडं बघत हळू आवाजात, "तुमच्या गुऱ्हाळाचा गूळ जायचा ना, तसल्या."

चुलीतलं लाकूड मी उगाच पुढं सारलं.

ते खरं होतं. जायकवाडीचा फुगवटा आमच्या शिवाराजवळ आला आणि ऊस झाला. ऐंशीच्या दशकात आमचं गुऱ्हाळ चालायचं. पिवळा गूळ बाजारात जायचा. पण एखादी कढई करपायची, एखाद्या वेळी पाक बिघडायचा, आणि काळी, चिकट ढेप निघायची. तिला बाजारात भाव नाही. तिला गिऱ्हाईक होतं शेजारच्या गावचं. ते अंधार पडल्यावर बैलगाडी घेऊन यायचं, रोख द्यायचं, घासाघीस करायचं नाही. वडील माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. गाडी आली की ते मला म्हणायचे, "तू मोजून घे." स्वतः आत जाऊन बसायचे. मी दहावी शिकलेलो, हिशेब पक्का. वहीत लिहायचो, 'काळा गूळ, जनावरासाठी'. जनावरासाठी कुणी रात्री नेतं का? मला माहीत होतं. म्हणूनच तसं लिहीत होतो.

माझा एक थोरला चुलतभाऊ त्या गावच्या भट्टीचं रोजचं गिऱ्हाईक. चाळिशी ओलांडली आणि पोटात पाणी झालं. दहाव्याला मी वहिनीजवळ बसलो होतो. ती रडत नव्हती. दाराकडं बघत एवढंच म्हणाली, "भावजी, गूळ तुमच्याच घरचा होता." शिवी नाही, शाप नाही. मी उठून बाहेर आलो. त्या सालापासून काळा गूळ आम्ही उकिरड्यावर टाकला. पण वहिनीजवळ जाऊन "हो, होता" असं मी कधी म्हणलो नाही. आता ती नाही.

वडील हयात असते तर म्हणाले असते, गूळ हा गूळ आहे. पोळीबरोबर खाल्ला तर प्रसाद. ते खोटंही नाही. कायदासुद्धा हेच मानतो. दारूबंदीचा कायदा 1949 चा. त्याच्या कलम 65 मध्ये दारू गाळण्यासाठी भट्टी, भांडी बाळगणं हा गुन्हा आहे. सगळा गुन्हा त्या 'साठी' या शब्दात आहे. तीच टाकी गवतासाठी असेल तर तेल, दारूसाठी असेल तर तुरुंग.

पण हे झालं टाकी बाळगणाऱ्याचं. टाकी जोडून देणाऱ्याचं काय, गूळ मोजून देणाऱ्याचं काय? क्रांती चौकाजवळच्या काळ्या चबुतऱ्यावर 1857 च्या बंडातल्या शिपायांना इंग्रजांनी मारलं. काहींना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी. तो फासाचा दोर कुणीतरी वळला असेल. त्याला वाटलं असेल विहिरीसाठी चाललाय, त्याला काय दोष द्यायचा? पण ज्यानं फास बसवला, त्यानं "दोर हा दोर आहे" म्हणू नये. मी रात्रीच्या गाडीत ढेपा मोजत होतो. मी दोर वळणारा नव्हतो.

मी पुतण्याला म्हणलं, "गूळ जायचा. मीच मोजून द्यायचो. म्हणूनच टाकी देणार नाही."

"म्हणजे तुमचं भागलं, आता मला कीर्तन," तो म्हणाला. त्यालाही उत्तर नव्हतं माझ्याकडं. माझं पोट भरल्यावर मला सुचलेलं शहाणपण त्याच्या उपाशीपणी त्याच्या माथी मारत होतो, हे खरंच होतं. दोन पोती बाजरी आणि थोडे पैसे त्याच्या घरी पोचवले. त्यानं बाजरी ठेवली, पैसे परत पाठवले.

पंधरा दिवसांत त्यानं दुसरीकडून पिंप मिळवलं, दुसऱ्या मिस्त्रीकडून नळी बसवली. पावसाळ्याच्या तोंडाला धाड पडली, पिंप फोडलं, त्याच्यावर केस झाली. मग मी नाही म्हणून काय साधलं? भट्टी लागायची ती लागलीच. गावात काहींनी तोंडावर सांगितलं, "तात्या, टाकी दिली असती तर निदान चांगल्या स्टीलमध्ये काढली असती पोरानं." हे मी बरेच दिवस मनात घोळवलं. माझ्या नकारानं जगातली एक बाटली कमी झाली नाही. उद्या मिस्त्रीनं शंभर जणांना परत पाठवलं तरी शंभर जण पुढच्या गल्लीत जातील.

तरी मी टाकी दिली नाही याचा मला पस्तावा नाही. बाटली कमी व्हावी म्हणून दिली नाही असं आता मी म्हणत नाही. आयुष्यात एकदा वहीत खोटं लिहिलं होतं, ते दुसऱ्यांदा लिहायचं नव्हतं, एवढंच ते होतं. माहीत असूनही माहीत नसल्यासारखं करणं, आम्ही शेतकरी यात फार तयार. कोणतं औषध भाजीवर किती दिवस राहतं हे माहीत असतं, तरी सकाळी फवारून संध्याकाळी तोडतो. व्यापारी विचारत नाही, आपण सांगत नाही. गुळाचंच ते सगळं.

पुतण्याच्या लायसनच्या प्रश्नाला मात्र मी अजून अडतो. परवान्यानं बाटलीतलं विष तपासलं जातं, हे मोठं काम आहे. पण वहिनीच्या दारातलं दुःख तपासायला कोणता अधिकारी येतो? ते पुतण्याच्या बाटलीनं येतं तसंच ट्रकातल्या बाटलीनंही येतं. त्या पोराला मी मालवणी सांगितली, पण हे तेव्हा कबूल केलं नाही.

परवा बँकेच्या कामानं शहरात गेलो होतो. क्रांती चौकात महाराजांचा नवा उंच पुतळा 2022 ला बसला, त्याच्या समोर उभा होतो. कंपनीच्या बसची वाट बघत पोरांची रांग होती. त्यात पुतण्या. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. वाळूजच्या बिअर कंपनीत तो भरलेले खोके ट्रकात चढवतो. पीएफ कापतात, दिवाळीला बोनस मिळतो. केस अजून चालू आहे.

पाया पडला. म्हणाला, "तात्या, टाकी चालू आहे का अजून?"

"चालू आहे. यंदा गवत चांगलं आहे."

"मी पण टाक्याच चढवू राह्यलो," तो हसला. "आता चालतं का तुम्हाला?"

मी काही बोलायच्या आत बस आली. तो चढला, खिडकीतून हात केला. मिस्त्रीच्या गल्लीकडं चहाला जावं म्हणून मी निघालो, पिशवीत त्याच्यासाठी गवती चहाची जुडी होतीच. त्यालाच विचारणार होतो, या प्रश्नाला काय म्हणायचं.