शाबासकीचे ओझे

निकालाच्या दिवशी आपण मुलाच्या पाठीवरून हात फिरवितो आणि कौतुकाने म्हणतो, "हुशार आहेस हो!" या शब्दांत माया असते, यात शंका नाही, पण ते मुलाला बळ देतात की भय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडविल्यावर काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची वाखाणणी करण्यात आली. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना अपयशाची चव दिली. पुढे एका प्रयोगात आपले गुण अनोळखी मुलांना लिहून कळवायचे होते. बुद्धीचे कौतुक झालेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ते खोटे लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते.

ही मुले मुळात खोटारडी नव्हती. एका गोड वाक्याने त्यांच्या शिरावर नाव राखण्याचे ओझे ठेवले होते. शब्द बदलल्याने गुण फारसे वाढत नाहीत, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. तरी प्रश्न उरतोच : आपल्याला मुलाचे गुण प्रिय की त्याचे खरेपण?

आत्मविश्वासाचा मुख्य झरा स्वतः पार पाडलेल्या कामात असतो, असे अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले. म्हणून नापासाची गुणपत्रिका घेऊन आलेल्या लेकराला आपण आधी जवळ बसवावे, खरे सांगितल्याबद्दल शाबासकी द्यावी, आणि चुकलेले एक गणित त्याच्याकडूनच सोडवून घ्यावे.