उघड्यावरचा योग

योगाभ्यास हा अंतर्मुख होण्याचा मार्ग आहे, हें आपण सर्वजण मान्य करतों. मग जो मनुष्य डोळे मिटून आंत पाहूं इच्छितो, त्याला बाहेरच्या नदीची, झाडांची आणि सूर्योदयाची गरज कां भासावी? अमळनेरास बोरी नदीच्या कांठीं मी रोज पहांटे आसनें करावयास जातों, हें कळल्यावर माझ्या एका तत्त्वज्ञ स्नेह्यानें मला हा प्रश्न केला. "तुम्ही योग करीत नाहीं, हवा खातां," असें तो हंसत म्हणाला. मींही हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांतून जाईना. इंद्रियें विषयांपासून आवरून घेणें, म्हणजे प्रत्याहार, हें योगाचें पांचवें अंग होय. तेव्हां पक्ष्यांच्या स्वरानें आणि थंड वाऱ्यानें जें सुख होतें तें योगाचें साधन, कीं योगांतला अडथळा, हें मला ठरवावयास हवें होतें.

ग्रंथांकडे वळावें तर तेथेंही प्रथमदर्शनीं एकवाक्यता दिसत नाहीं. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत योग्यासाठीं सांगितलेली मठी लहान दाराची असून तिला खिडकी किंवा भोंक नसावें असा दंडक आहे. उलट श्वेताश्वतर उपनिषद सपाट, स्वच्छ, खडे व वाळू नसलेली जागा सांगतें. तेथें पाण्याचा शब्द असावा, मनाला ती अनुकूल असावी, डोळ्यांना खुपूं नये. ज्ञानेश्वरांनीं तर १२९० सालच्या आपल्या ग्रंथांत, सहाव्या अध्यायीं, असें स्थान रंगविलें आहे कीं तेथें बसलेल्यास उठावेंसें वाटूं नये आणि सहज आलेल्या पाखंड्यालाही तप करावेंसें वाटावें. एक खिडकी बुजवितो, दुसरा झरा शोधतो!

परंतु जरा थांबून पाहिलें तर विरोध मावळतो. मठीच्या बाहेर मांडव, ओटा आणि विहीर असावी, हें हठप्रदीपिकाकार विसरलेला नाहीं. ज्ञानेश्वरांच्या त्या रम्य स्थळींही गजबज नाहीं; पशुपक्ष्यांची वर्दळ त्यांनीं बेतानेंच ठेविली आहे. दोघांनाही हवें आहे तें मनाला न ओढणारें स्थळ. बाजारांतील रंग आपल्याला हांका मारतात, कारण त्यांना आपल्याकडून कांहीं हवें असतें. नदीला आपल्याकडून कांहींच नको असतें. जें आपल्याकडे कांहीं मागत नाहीं, त्याच्या सान्निध्यांत इंद्रियांना आवरण्याचा आटापिटा करावा लागत नाहीं. तीं आपण होऊन निवतात.

आमच्या गांवाला हा विचार परका नाहीं. श्रीमंत प्रतापशेटांनीं १९१६ सालीं येथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापिलें. त्याच काळांत येथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले जगन्नाथ गणेश गुणे हेच पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. इंग्रज सरकारनें १९२३ सालीं तें महाविद्यालय बंद केलें, आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम उभें केलें. उड्डियान आणि नौली करतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापक यंत्रांनीं पाहिलें. प्रयोगशाळा ही एका अर्थानें बिनखिडकीची मठीच होय; ऊन, वारा आणि पाऊस वगळल्यावांचून मोजमाप होत नाहीं. या मोजमापाचें ऋण आपल्यावर मोठें आहे. मात्र शरीरांत काय होतें, याचें उत्तर तेथें मिळालें, तरी मला नदीकांठीं आनंद कां होतो, हें तेथें विचारून चालत नाहीं.

तो आनंद देखाव्याचा आहे, असेंही म्हणतां येत नाहीं. खानदेशचा निसर्ग कोणाची मनधरणी करणारा नव्हे. वैशाखांत पारा ४५ अंशांना टेंकतो, बोरीच्या पात्रांत दगडगोटे उघडे पडतात, आणि सूर्य जरा वर आला कीं बसवत नाहीं. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आमचा शेतकरी कपाशीच्या काळजीनें आभाळाकडे पाहत असतो.

मीं कित्येक वर्षें घरांत आसनें केलीं. समोर घड्याळ आणि भिंत; आज किती क्षण अधिक टिकलों, हा हिशेब मनांत चाललेला. आसन हें माझें कर्तृत्व होतें. पतंजलीनें आसनसिद्धीचे दोन उपाय सांगितले आहेत: प्रयत्न सैल करणें आणि चित्त अनंताशीं समरस होणें. भिंतीपुढें माझा प्रयत्न सैल होईना. शवासनांत छपराखालीं मी 'माझ्या' खोलींत निजलेला असे. आभाळाखालीं तसें निजल्यावर 'माझें' म्हणावें असें वर कांहींच नसतें. माझा श्वास हा त्या पहांटेच्या अनेक हालचालींपैकीं एक, एवढेंच उरतें. मालकी सुटल्याचा जो हलकेपणा, तोच माझा आनंद होता. स्नेह्याला द्यावयाचें उत्तर मला सांपडलें, असें वाटलें.

तें फार दिवस टिकलें नाहीं. एके सकाळीं मी पश्चिमोत्तानासनांत वांकलों असतां, विळा घेऊन निंदणीला निघालेली एक वृद्ध बाई जवळ थांबली. "पाठ दुखस का, मास्तर?" तिनें मनापासून विचारलें. मी उठून तिला योगाचें माहात्म्य सांगूं लागलों. तिनें सारें ऐकून घेतलें, मान डोलाविली आणि ती शेताकडे चालती झाली. तेथें ती सांजपर्यंत वांकणार होती. आभाळ तेंच, वांकणेंही तेंच. माझें आनंदासाठीं, तिचें मजुरीसाठीं. आणि मघाशीं मालकी सोडून बसलेला मी, तिच्या एका प्रश्नासरशीं पुन्हा पुरा प्राध्यापक झालों होतों!

स्नेह्याच्या आक्षेपापेक्षां हा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. उघड्यावरचा आनंद ही फुरसत असलेल्याची चैन ठरूं शकते, आणि तिला योगाचें नांव दिलें म्हणून ती पवित्र होत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवांचें मंदिर आहे. वाघावर बसून, हातांत सर्पाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले, अशी कथा आहे. रानांतले सारे प्राणी त्यांना वश होते. वश झाला नव्हता तो एक अहंकार. समोरून भिंत चालत आली तेव्हां तो उतरला, आणि मुक्ताबाईला त्यांनीं गुरु केलें. निसर्गाच्या सहवासानें मन आपोआप निर्मळ होतें, असें मानणाऱ्यानें ही कथा आठवावी.

मी नदीकांठीं जाणें सोडलें नाहीं. तो आनंद खोटा नाहीं; पण तो खरा कीं नुसतें हवा खाणें, याचा निवाडा आसनावर बसून होत नाहीं, उठल्यावर वाटेंत जो भेटेल त्याच्यापुढें होतो. ती बाई अधूनमधून दिसते. आतां व्याख्यान न देतां मीच आधीं तिच्या पाठीची विचारपूस करतों.