गायनाची मुभा आणि उपदेशाचा अधिकार

देवाचे गुण गाणे आणि देवाविषयी लोकांस सांगणे या दोन क्रिया भिन्न आहेत की एकच, हा प्रश्न प्रथमदर्शनी रिकामपणाच्या शब्दच्छलाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजात स्त्रीस पहिल्या क्रियेची पूर्ण मुभा आणि दुसरीची मनाई आहे, तेथे एखाद्या स्त्रीचे सारे आयुष्य कोणत्या वाटेने जावे हे त्या शब्दच्छलावरच ठरत असते. अमेरिकेतील ख्रिस्ती समाजात हा जुना प्रश्न अलीकडे एका अनपेक्षित दाराने पुन्हा आत शिरला आहे. ते दार हिप-हॉप गायनाचे होय.

तरुण वाचकांस हिप-हॉप म्हणजे काय हे सांगणे नको. वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द लिहितो. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमेकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने भरविलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या, तेथून या कलेचा आरंभ मोजण्याची रीत आहे. तिचे शब्दांग म्हणजे रॅप. रॅपला चाल जवळजवळ नसतेच. ठेक्यावर तोललेले, यमकांनी साखळलेले असे ते भरधाव बोलणे असते. अमृतरायाचा कटाव एखाद्या जाणत्या कीर्तनकाराच्या तोंडून ज्यांनी ऐकला असेल त्यांस या प्रकाराची कल्पना चटकन येईल. १९८५ मध्ये स्टीफन वायली याने 'बायबल ब्रेक' ही ध्वनिमुद्रिका काढून बायबलातील मजकूर या ठेक्यावर बसविला, आणि गल्लीतला ठेका देवाच्या घरी चालेल काय, असा वाद सुरू झाला. हा वाद आम्हांस फारसा गहन वाटत नाही. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हाती घेतला, आणि त्यांची पदे आज मराठी चर्चमध्ये कोणासही परकी वाटत नाहीत. तालाला धर्म नसतो; तो ज्याच्या तोंडी बसेल त्याचा होतो. अमेरिकेतही तसेच झाले. लक्रे या गायकाच्या 'ग्रॅव्हिटी'स २०१३ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले, २०१४ मध्ये त्याची 'अॅनॉमली' सर्वसाधारण खपाच्या यादीतही अग्रस्थानी गेली, आणि ठेक्याविषयीची कुरकुर बरीचशी शमली.

पण ठेका धरणारी व्यक्ती स्त्री असली म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

जॅकी हिल पेरी या बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १९८९ मध्ये सेंट लुई शहरी झाला. प्रथम त्या व्यासपीठावर उभ्या राहून आपल्या कविता म्हणत. पुढे रॅपकडे वळल्या. 'द आर्ट ऑफ जॉय' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका २०१४ मध्ये पोर्टलंड येथील हंबल बीस्ट या संस्थेने काढली. ही संस्था आपले संगीत लोकांस विनामूल्य उतरवून घेऊ देत असे. दुसरी, 'क्रेसेंडो', २०१८ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध झाले. समलिंगी प्रेमाचे आयुष्य सोडून आपण ख्रिस्ताकडे कशा वळलो, ही त्यातील हकीकत. तिच्यावरून उभय बाजूंनी वाद झाला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, येथे त्यात शिरत नाही. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते त्यांच्या रचनांचे स्वरूप. त्या रचना 'देवा, तू थोर आहेस' एवढेच आळवणाऱ्या नाहीत. पाप म्हणजे काय, मृत्यूस भ्यावे की न भ्यावे, खरा आनंद कशात आहे, अशा विषयांचा त्यांत ऊहापोह असतो. पक्ष मांडलेला असतो, आणि ऐकणाऱ्यास उद्देशून बजावलेलेही असते. ठेका काढून घेऊन तोच मजकूर कागदावर लिहिला, तर त्यास प्रवचनाखेरीज दुसरे नाव देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आता योगायोग पाहा. पेरीबाईंची २०१८ व २०२१ सालची पुस्तके ज्या प्रकाशनसंस्थेने काढली ती सदर्न बॅप्टिस्ट पंथाची आहे. या पंथाने २००० साली आपल्या श्रद्धापत्रात असे नमूद केले की, पाळकाचे पद शास्त्राप्रमाणे पुरुषांपुरतेच मर्यादित आहे. स्त्रियांस पाळक म्हणून दीक्षा दिल्यावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक नावाच्या एका अतिशय मोठ्या मंडळीस या पंथाने बाहेर काढले, आणि जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील अधिवेशनाने तो निर्णय कायम केला. हा निर्बंध घटनेतच अधिक कडकपणे घालण्याचा ठराव पुढील वर्षी आला; त्यास निम्म्याहून अधिक मते पडली, परंतु आवश्यक ती दोनतृतीयांश न मिळाल्याने तो फसला. म्हणजे स्त्रीने लिहिलेले धर्मविवेचन छापावयाचे, विकावयाचे आणि पुरुषांनीही वाचावयाचे. फक्त रविवारी सकाळी त्या विशिष्ट चौथऱ्यावर तिने उभे राहावयाचे नाही.

या निर्बंधाचे मूळ पौलाच्या पत्रांत आहे. मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावे असे त्याने करिंथकरांस लिहिले, आणि स्त्रीने पुरुषास शिकवू नये असे तीमथ्याच्या नावे असलेल्या पत्रात आहे. परंतु करिंथकरांच्या त्याच पत्रात, थोडे अलीकडे, स्त्रियांनी प्रार्थना करताना व ईश्वरी संदेश सांगताना मस्तक झाकून घ्यावे असाही नियम आहे. जिने बोलावयाचेच नाही तिने बोलताना डोकीवर पदर घ्यावा हे सांगण्याचे प्रयोजन काय, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मरीयेचे स्तोत्र तर सर्वांच्या परिचयाचे आहे. एका खेड्यातील कुमारिकेच्या तोंडचे ते गीत. देव गर्विष्ठांस उधळतो व भुकेल्यांस तृप्त करतो, एवढे मोठे तत्त्व ती त्यात सांगते, आणि शतकानुशतके पाळकपुरुष सायंप्रार्थनेत ते म्हणत आले आहेत. स्त्रीने आपणांस शिकविले अशी तक्रार त्यांपैकी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५) या अंध अमेरिकन बाईंनी आठ हजारांहून अधिक भक्तिगीते रचली. ज्या चर्चमध्ये त्यांस उपदेश करू दिला नसता तेथील पुरुषांनीही मोक्षाविषयीच्या आपल्या अर्ध्याअधिक कल्पना त्यांच्याच गीतांतून घेतल्या असतील. आमच्याकडील प्रकार तरी काय निराळा? वारकरी कीर्तनकार जनाबाईचा अभंग निरूपणास घेतो, आणि तिच्या शब्दांपुढे हजारो पुरुष माना डोलवितात. पण कीर्तनाला उभे राहण्याचा मान मात्र फार काळ पुरुषाकडेच राहिला.

याचे कारण आम्हांस असे दिसते की, गाणे हे अलंकार आहे, विचार नव्हे, अशी समजूत सर्वत्र खोल रुजली आहे. सुरात सांगितलेली गोष्ट ही सांगितलेली धरावयाची नाही, असा तो अलिखित करार आहे. स्त्रीच्या तोंडून आलेले सत्य चालीच्या पदराआड असेल तर पुरुषाच्या अधिकारास बाध येत नाही! अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट या पंथाने तर याहून बारीक भेद केला. तेथे स्त्रिया 'शिकवितात', 'उपदेश' करीत नाहीत. मजकूर तोच, आवेश तोच, श्रोतेही तेच. केटी बेल न्युबिन ही त्या पंथाची प्रचारिका होती; ती मँडोलिन वाजवी, गाई, आणि गावोगाव फिरून लोकांस धर्ममार्गास लावी. तिची मुलगी सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३). विजेच्या गिटारीवर भक्तिगीते वाजविणारी ही बाई १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात गाऊ लागली आणि त्याच वर्षाअखेर कार्नेगी हॉलातही गायिली. धर्मबंधूंस रंगमहालातले हे गायन रुचले नाही. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर तिकिटे लावून तिने आपले लग्न लाविले, त्यास वीस हजारांवर लोक आले. मृत्यूनंतर मात्र फिलाडेल्फियातील तिच्या थडग्यावर दीर्घकाळ नावाचा दगडही नव्हता. हजारोंस भक्तीची गोडी लाविणाऱ्या पुरुष उपदेशकाचे असे झाले असते काय?

रॅपने घोटाळा केला तो येथे. त्याने चाल काढून टाकली. चाल गेल्याबरोबर तो पदरही गेला, आणि जे पूर्वीपासून होते ते उघडे पडले: समोर एक स्त्री उभी आहे आणि ती बोलत आहे. बहुधा यामुळेच ख्रिस्ती हिप-हॉपमध्ये स्त्रियांचा प्रवेश इतका मंद झाला. रीच रेकॉर्ड्स ही त्यातील सर्वांत प्रबळ संस्था २००४ मध्ये निघाली. तीत पहिली स्त्री कलावंत, नायजेरियात जन्मलेली व टेक्सासात वाढलेली वांडे, तपाहून अधिक काळ लोटल्यावर दाखल झाली. सर्वच दोष धर्ममताचा आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. धर्माशी काडीमात्र संबंध नसलेल्या रॅपमध्येही स्त्रीस वाट करून घ्यावी लागलीच, एम्. सी. लाइट हिची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघावयास १९८८ साल उजाडले.

निर्बंधाच्या पक्षानेही एक बळकट मुद्दा मांडता येण्याजोगा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. तो असा की, पाळकाचे पद म्हणजे नुसते बोलणे नव्हे. त्याच्यावर एका मंडळीचा भार असतो. तो लग्ने लावितो, मृतांस माती देतो, चुकलेल्यास शासन करितो, आणि या सर्वांचा जाब त्यास द्यावा लागतो. गाणारी बाई गाऊन निघून जाते. तेव्हा तिच्या शब्दांस मुभा असावी आणि पदास नसावी यात विसंगती कोणती? हा मुद्दा प्रामाणिकपणे मांडला तर त्यात तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. ज्या स्त्रिया स्वतः हा नियम शास्त्राज्ञा म्हणून स्वीकारतात त्यांच्या श्रद्धेस गुलामगिरी म्हणण्याचा अधिकारही, ख्रिस्ती धर्माबाहेरील आम्हांस, पोचत नाही.

परंतु याच मुद्द्याची दुसरी बाजू पाहिली म्हणजे मन अस्वस्थ होते. पद म्हणजे भार खरा. पण पद म्हणजे आधारही असतो. पाळकास धर्मविद्यालयात अध्ययन करावयास मिळते, वेतन मिळते, म्हातारपणाची तरतूद होते, त्याची चूक झाली तर ती दाखविणारे वडील असतात, आणि सभेत त्याचे मत मोजले जाते. ठेक्यावर उपदेश करणाऱ्या बाईस यांतील काहीच नाही. तिने मिळकत तिकिटांच्या व मुद्रिकांच्या खपातून करावयाची; तेही संगीत विनामूल्य वाटले जात असेल तर आणखीच कठीण. जी तरुण मंडळी रविवारच्या प्रवचनास फिरकत नाहीत त्यांच्या कानापर्यंत ती शास्त्रवचन पोचविते, आणि तीतून चर्चचे आसन भरले तर तो लाभ चर्चचा. तिचे शब्द हवेत, तिची जबाबदारी नको, असा हा व्यवहार आहे. तिच्यावर बंदी घालणारा निदान तिच्या शब्दांचे वजन ओळखतो. तिचा उपदेश पदरात पाडून घेऊन त्यास 'गाणे' म्हणणारा मात्र तिला मोबदलाही चुकवितो आणि भाषेलाही फसवितो. आम्हांस या दोघांपैकी पहिला कमी दोषी वाटतो.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येथे साहजिक होते. पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. त्याचे बहुतेक अध्याय त्यांचेच. ख्रिस्तचरित्र ओवीत सांगणारा तो ग्रंथ काव्य म्हणून वाचला गेला, आणि त्यात एक बाई शास्त्र सांगत आहे याची कोणास अडचण झाली नाही. ओवीचा पदर तेथे शाबूत होता.

पदर न घेता उभी राहिलेली एक स्त्री याच्या कितीतरी आधी होऊन गेली. जरीना ली ही फिलाडेल्फियाच्या बाजूस राहणारी, १७८३ मध्ये जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. उपदेश करण्याची आपणांस ईश्वरी आज्ञा झाली आहे असे तिने रिचर्ड अॅलन यांस सांगितले, तेव्हा मेथडिस्ट नियमांत स्त्री उपदेशिकेची सोय नाही असे उत्तर तिला मिळाले. १८१९ मध्ये एके दिवशी योना संदेष्ट्याच्या कथेवर बोलणारा उपदेशक मध्येच अडखळला. ली उठली आणि त्याचे सूत्र उचलून पुढे बोलू लागली. बोलून झाल्यावर आता आपणांस हाकलून देतील या भीतीने ती खाली बसली. अॅलन तेथेच होते, आणि ते त्या वेळी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे बिशप झाले होते. त्यांनी उठून सांगितले की, या बाईस आज्ञा झाली आहे हे आपणांस आता पटले. पुढे एका वर्षात तिने २,३२५ मैल प्रवास करून १७८ प्रवचने केली, १८३६ मध्ये आपली जीवनकथा छापविली आणि ती फिरता फिरता स्वतःच विकली. दीक्षा मात्र तिला मिळाली नाही. ती १८६४ मध्ये वारली. तिच्या पंथाने २००० साली पहिल्या स्त्री बिशपची निवड केली, आणि जरीना ली हिला दीक्षा दिली ती २०१६ च्या अधिवेशनात, तिच्या मृत्यूनंतर १५२ वर्षांनी.